झाड दादाचं, ऑर्किड माझं

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (घोटा मुरगळल्यामुळे सध्या सप्तांगच समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? डोंगरावरच्या रोपवाटिकेत अजून स्वतःच चढून जातेस, की आता कुणाचं ऐकतेस?

तू पाठवलेलं ऑर्किड पोचलं. वादळात पडलेल्या फांदीवरून तू त्याला वाचवलंस आणि मी आल्या आल्या कुंडीत घालून, वर माती चेपून, जवळजवळ पुरलंच. (बायको म्हणाली, "आता दोन मिनिटं शांत उभे राहू या.") हे झाडावर राहणारं रोप आहे, हे तुझा फोन आला तेव्हा कळलं.

आता झाड म्हणजे आमच्या अंगणात एकच, आणि तेही वाटणीत दादाकडे गेलेलं. बाबांच्या आरामखुर्चीवरून आमचा अबोला झाला, ते तुला ठाऊकच आहे. म्हणून दादा दुकानात गेला असं समजून मी कुंपण ओलांडलं, शिडी लावली आणि दातात सुतळी धरून रोप खोडाला बांधू लागलो. गाठ बसली, शिडी सरकली आणि मी फांदीला लोंबकळलो. दादा घरातच होता. चहाचा कप घेऊन तो बाहेर आला.

"हे कसलं बांडगूळ माझ्या झाडावर?"

"बांडगूळ नाही रे! ते झाडाचं काही खात नाही, नुसतं आधाराला राहतं."

"मी तुझ्याबद्दल विचारतोय."

बाबा गेल्यावर वाटणी झाली, तेव्हापासूनचं त्याचं माझ्याशी हे पहिलंच बोलणं. मला हसू आवरेना, हात सुटले आणि मी थेट त्याच्या अंगावर. (कप गेला.) मग मला पाठुंगळीला घेऊन तो डॉक्टरकडे निघाला, वाटभर शिव्या देत. आत्या, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेव्हापासून रोपावर रोज सकाळी तोच पाणी फवारतो आणि माझा चहा त्याच्याकडे असतो. परवा फुलं आली. तुझे आभार कोणत्या शब्दांत मानू?

तुझा,
धाकटा

ता. क. : फुलं सगळी दादाच्या खिडकीकडे तोंड करून आली आहेत. तो म्हणतो, झाड माझं, म्हणून फुलंही माझी. कालपासून पुन्हा अबोला.

आणखी ता. क. : काळजी करू नकोस. अबोला एकाच ओट्यावर बसून, एकच पेपर वाटून घेऊन चालू आहे. पण निवाड्याला तू ये, आणि चांगली महिनाभर राहा. आम्हा दोघांनाही तुझी फार आठवण येते, हे दादानेच लिहायला सांगितलंय. (खुणेने.)