वैशालीच्या दुधातली साखर

१२ नोव्हें., जळगाव
सूनबाई आज पोटभर जेवली. कोणी काही बोललं नाही, न जाणो पुन्हा ताट सारायची. बाळ गेलं, पण दूध थांबेना. धुळ्याच्या दवाखान्यातच वैशाली म्हणाली होती, "आबा, मन्हं दूध मोरीमा वतू नका. कोनाले तरी द्या." दूधपेढीला दिलं. थोडं आमच्या मेघानं प्रयोगशाळेत नेलं, तपासायला. नणंद-भावजयीचं आपसात ठरलेलं.

२० नोव्हें.
मेघाचा फोन, ओरडतच. दुधातल्या साखरेची साखळी असते म्हणे. त्यातली फ्युकोज नावाची कडी भलत्याच जागी बसलेली सापडली. कुठेच नोंद नाही. "बाबा, नवीन साखर! वहिनीच्या दुधात!"
वैशालीला सांगितलं. कितीतरी दिवसांनी हसली. मग हळूच, "नाव ठेवं का तिले?"
बारशाआधीच गेली पोर. मनात धरलेलं नाव आज पहिल्यांदा घरात उच्चारलं गेलं. ओवी. मशीनच्या आलेखावर त्या साखरेचं जे शिखर उमटलं, त्याखाली मेघानं तेच लिहिलं.

२ डिसें.
पिंपळनेरला व्याह्यांना फोन. दुकानात येईल त्याला सांगतोय. पाचोऱ्याचं एक गिऱ्हाईक, पाण्याची जळलेली मोटार तारा भरायला टाकलेली — "भाऊ, नवी साखर म्हंजे उसाची का?" म्हटलं, "चहात नाही पडत ती. तू आपली जुनीच टाक." आठवीत शाळा सुटलेला मी, मोटारींच्या वाइंडिंगवर घर उभं केलं, आणि भाषण देतोय फ्युकोजवर! वैशाली आतून ऐकते. ऐकू दे.

१६ डिसें.
मेघाच्या मशीनचा व्हॅक्यूम पंप बिघडला, मलाच बोलावलं. बेअरिंग. जिन्यातच आवाजावरून कळलं. खोलून बसलो होतो. पलीकडे तिचे सर नि ती. माझे कान तिकडेच.
सर : "प्रोटॉन लावून साखर तोडली की कडी भलत्या जागी दिसते. सोडियम लावून तोडली तर कडी नेहमीच्याच जागी. दुधात ती साखर नाहीच, मेघा. मशीनमध्ये जागा बदलतेय."
"मी पण पुन्हा करून बघितलं, सर."
मग तिचा आवाज, "वहिनीला काय सांगू?"
मी बेअरिंग बसवायला घेतलं.

१७ डिसें.
मेघाकडून समजून घेतलं. प्रोटॉन चिकटला की कडी सुटते, उडी मारून दुसरीकडे बसते. बघणाऱ्याला वाटतं, मुळातच तिथं होती. आमच्याकडे टेस्टिंगला लावताना आपल्याच हातून वायर सरकते आणि आपण म्हणतो, मोटार अशीच आली. मूळ साखर साधी, पुष्कळ आयांच्या दुधात असते ती.
ही, मेघाची आई, म्हणते, वैशालीला सांगूच नका, तिला काय कळतंय. तिला सगळं कळतं.
मेघा : "बाबा, तुम्ही सांगा." म्हटलं, "शोधलीस तू." नंतर वाईट वाटलं. दोघं सांगू.

२१ डिसें.
सांगितलं. वैशाली भरताची वांगी भाजत होती. मेघानं सुरुवात केली, मध्येच रडली. उरलेलं मी.
"म्हंजे व्हतीच नही?"
मेघा : "दुधात नव्हती, वहिनी. मशीनमध्ये झाली. जेमतेम क्षणभर."
"मशीनमा तरी व्हती ना?"
"हो. तिथं होती."
"मन्हाच दूधमाईन?"
"तुझ्याच दुधातून."
वैशालीनं गॅस बंद केला. वांगी अर्धी कच्ची. जेवायला कोणीच बसलं नाही.

२३ डिसें.
दुकानात पाचोरेवाला. "काय भाऊ, साखर बाजारात कधी?" म्हटलं, मोटार झाली, घेऊन जा. त्याचा काय दोष. गेल्यावर वाटलं, पाणी तरी विचारायचं.

२४ डिसें.
मेघानं त्या साखरेवरचा आपला लेख पुन्हा लिहिला. नवी साखर नाही, फक्त साखर कशी जागा बदलते तेवढं. आलेखावरचं शिखर राहणार. खालचं नाव काढून 'मशीनमुळे' असं काहीतरी लिहावं लागेल. वैशालीला न विचारता काढवेना, म्हणून कागद घेऊन घरी आली.
वैशालीनं बघितला. त्या नावावरून बोट फिरवलं. रडली नाही. रडली असती तर बरं.
"मंग हाई नाव आते कोठे ठेवशात?"
मेघा माझ्याकडे बघायला लागली. मी हिच्याकडे.
"आबा, तुम्हीच सांगा."
म्हटलं, तोवर कागद तुझ्याजवळ ठेव.
कागद वैशालीजवळच आहे. मेघा आज लेख पाठवणार होती, नावाचं ठरेपर्यंत थांबलीये.