शेवंताबाईच्या खाचराची माती

पौड, १२ जानेवारी १९५९
माले गावाकडची मोजणी सुरू. कारखान्यासाठी जमीन जायची आहे. मी जमिनीची प्रत, म्हणजे कस, लिहायची, सरकारने त्याच प्रतीची जमीन दुसरीकडे द्यायची, असं कलमात आहे. सोपं वाटतं. साखळी ओढणारे दोनच गडी, तेही कुरकुरत.

१३ जाने.
आज शेवंताबाईचं शेत. विधवा, पन्नाशीची. ती आणि दीर धोंडिबा मिळून कसतात. कागदावर वरकस, म्हणजे नाचणी-वरीचा डोंगरउतार. पाहतो तर चांगलं भाताचं खाचर. भात काढून ओलीवर वाल टाकलेत, हिरवेगार. हे कसं, विचारलं.
"मालक व्हते तवा दोघांनी बांध घातला. वड्यातली माती पाटीनं वाहिली. धा उन्हाळं."
सगळं जुन्या मोजणीनंतरचं. कागदाला पत्ताच नाही. खड्डा घेतला. कंबरभर माती, मग मुरूम.

१५ जाने.
तिला द्यायची जमीन पाहिली. दीड कोसावर, टेकाडाच्या पोटाला. धोंडिबा बरोबर होता. पहार चार बोटं गेली आणि खणकन वाजली. दुसरीकडे मारली, तेच.
"हितं काय पिकवायचं, सायेब?"
मी वहीत डोकं घातलं.

१९ जाने.
पुण्याला कचेरीत. शेरा लिहून नेला होता : कागदी वरकस, प्रत्यक्ष भात, पहिली प्रत. साहेबांनी तांबडी पेन्सिल फिरवली. "इतिहास कोणी विचारला तुम्हाला? वरकसाला वरकस दिली, भरपाई झाली." मग जरा नरमले. म्हणाले, कारखाना आला की तुमच्या त्या माल्याची दहा घरं पगारावर जगतील. तेही खोटं नाही.
शेरा खोडून कागद नव्याने लिहायला सांगितला. लिहिला नाही, तोच सही करून ठेवून आलो. शौर्य कसलं, परत लिहायचा कंटाळा म्हणा. एस.टी.त उभ्याने परत.

२७ जाने.
हद्दीच्या खुंट्या मारल्या. शे.बाई बांधावर बसून होती. शेवटची खुंटी झाल्यावर जवळ आली.
"जमीन घ्या. माती तेवढी न्हेऊ द्या."
कुठे?
"त्या कातळावर. आदी वाहिलीच की."
"तेव्हा तुम्ही तरुण होता, बाई."
"व्हय. आन् दोघं व्हतो."
संध्याकाळी कलमं चाळली. झाडं आहेत, विहीर आहे, गोठासुद्धा आहे. माती वेगळी कुठेच नाही. साहेबांना पत्र टाकलं, परवानगी द्यावी म्हणून.

४ फेब्रु.
उत्तर नाही. माती मात्र हलायला लागली. धोंडिबाची गाडी, आणि तिच्या माहेरची एक. वाल शेंगांसकट उपटून बैलांना घातले. वरची काळी माती आधी भरतात, खालची वेगळी टाकतात, तिकडे उलट्या क्रमाने पसरायची म्हणून. तिथे दगडांचा बांध गुडघ्याएवढा झालाय. हे त्यांना कोणी शिकवलं? मी रस्त्यावरूनच पाहिलं आणि पुढे गेलो.

९ फेब्रु.
टपालाने पत्र. खुंट्या मारल्या तो दिवस ताब्याचा, त्यापुढे माती सरकारची. वाहतूक ताबडतोब थांबवून अहवाल द्यावा.
दुपारी गेलो. निम्म्या खाचराचा मुरूम उघडा पडलाय. बाई पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली.
"सायेब, थांबवाया आलाय का मोजाया?"
पत्र खिशात होतं. धोंडिबाने बैलांचे कासरे धरून ठेवले होते. दोघं माझ्या तोंडाकडे बघत.
"आज साखळी आणली नाही," म्हटलं. "गुरुवारी येतो."
तिने मग पाटी गाडीत रिकामी केली.
"बिस्तरवारी उशिरा आलात तरी चालंल."
अहवालाला कागद घेतलाय. वर तारीख घालायची आहे. आजची घालावी, तर आजच थांबवलं असं होतं. गुरुवारची घालावी, तर तीन दिवस माती मीच जाऊ दिली असं होतं.