हौद्याचं बेड कव्हर

ती. मावशीच्या पायांशी (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) पाचरचा साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं ठीक. तुझा गुडघा कसा आहे ते खरं खरं कळव. ‘बरा आहे’ म्हणतेस आणि जिना मात्र कठड्याला लोंबकळत चढतेस, हे मला शेजारच्यांकडून कळतं. शिवणाचं दुकान बंद केलंस, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये, असं मी लिहिलं. तर तुझं उत्तर आलं की काम नसताना दुसऱ्याच्या घरी बसून खाणं तुला जमायचं नाही. (मी दुसरा! लहानपणी कुठेही घुसून बसतो म्हणून पाचर हे नाव तूच ठेवलंस ना?) असो बाई. तो विषय मी काढतच नाही. हे पत्र निव्वळ गाडीविषयी आहे.

तर मी पिकअप घेतली, हे तुला ठाऊक आहेच. पुढे बसायला ऐसपैस, मागे सामानाला उघडा हौदा. उघडा, हीच तर गोम. एका शिक्षिकाबाईंच्या खुर्च्या पोचवायला निघालो आणि वाटेत पावसानं गाठलं. पॉलिश असं पांढरं पडलं की बाईंनी खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्याच दिवशी ठरवलं, हौद्याला झाकण पाहिजे. जाणकार म्हणाले, हौद्याला इंग्रजीत बेड म्हणतात, म्हणून झाकणाला बेड कव्हर.

इथेच तर घोडं पेंड खातं. बायकोला म्हटलं, बेड कव्हर मिळतं त्या दुकानाचा नंबर दे. तिनं दिला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, सिंगल की डबल? आता गाड्याही सिंगल केबिन, डबल केबिन असतातच. मी ऐटीत डबल सांगितलं. रंग काळा, मळखाऊ. मग मुख्य अट घातली, की कितीही पाणी पडलं तरी खाली झिरपता कामा नये. बाई हळुवारपणे म्हणाल्या, घरात लहान मूल आहे का? मी म्हटलं, छे हो, मीच वापरतो, बायको कधीकधी शेजारी असते. त्यानंतर त्या माझ्याशी फार मायेनं बोलल्या. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणाल्या. पुडकं आलं, त्यात झालरीची काळी चादर, वर दोन उशांचे अभ्रे भेट. बायको जमिनीवर बसून हसली. अजून जेवताना तिला मध्येच आठवतं आणि ठसका लागतो.

मग गाडीच्या सामानाच्या खऱ्या दुकानात गेलो. तिथलं फायबरचं टोपडं चढवलं तर गाडी कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसायला लागली. घडीच्या कव्हरात माझा अंगठा सापडला. (नख काळंनिळं आहे, काळजी नको.) शेवटी गुंडाळायचं कव्हर पसंत केलं. दुकानदार म्हणाला, माप मी येऊन घेतो. अगं, सुताराला माप शिकवतो म्हणजे काय! मीच घेतलं, आणि घेतलं ते फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, खाली पाडून. कव्हर आलं ते मागे जीभ काढल्यासारखं लोंबायला लागलं. दुकानदारानं उलट मलाच चहा पाजला. तेच जास्त लागलं.

मग एक ताडपत्री दोरीनं बांधली. हमरस्त्यावर तिच्यात वारा भरला आणि ती टम्म फुगली. मागचा गाडीवाला सारखा हॉर्न वाजवत होता. मला वाटलं कुणीतरी ओळखीचा, म्हणून मी हात हलवला. त्यानंही हलवला, जरा जोरातच. घरी आलो तेव्हा मागे नुसती दोरी.

तेव्हा मावशी, आता तूच. बाजारातलं काही या हौद्याला बसत नाही. जाड कापडाचं, अंगाबरोबर शिवून द्यायला हवं, आणि तसं शिवणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. मापं पत्रानं कळवायची माझी छाती नाही. का, ते वर वाचलंसच. मशीन घेऊनच यावं लागेल. काम बरंच चालेल, अख्खा हिवाळा जाईल त्यात. (तुला वाटेल लाडीगोडी लावतोय. मुळीच नाही. नड आहे म्हणून सांगतो.)

तुझा,
पाचर

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून मी, तुमची सून, लिहिते. मावशी, यांचं शेवटचं काही खरं धरू नका. दुकानदारानं स्वतः माप घेऊन कव्हर बदलून दिलंय आणि ते असं चपखल बसलंय की थेंब आत जात नाही. शिक्षिकाबाईंच्या खुर्च्याही नव्यानं पॉलिश होऊन कोरड्या पोचल्या. हे पत्र लिहायला बसण्याआधी यांनी ते कव्हर काढून प्लायवूडच्या मागे दडवलं. खिडकीपाशी तुमच्या मशीनला जागा केलीय. तुमच्या गुडघ्याच्या बेतानं खुर्ची केलीय, तिच्या उशीला त्या काळ्या अभ्र्यांतला एक घातलाय. तुम्ही यावं असं मलाही फार वाटतं, पण फसवून आणलेलं नको.

पुन्हा ता. क. पत्ता घालायला पाकीट हातात घेतलं आणि हे वाचलं. घरभेदी बाई! बरं, पकडलो गेलो. काम नाही मावशी, काहीसुद्धा नाही. तू नुसती बसून खा. मला एकदा ते डोळ्यांनी पाहायचंय. रविवारी गाडी घेऊन येतो. कव्हर घालूनच आणतो, तुझं मशीन भिजायला नको.