गणितावरचा पिवळा चौकोन

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चित्रकलेचे सहाच्या सहा तास गेले! दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत येते तो भिंतीवर नवं वेळापत्रक. सहावी, सातवी, आठवी — माझ्या प्रत्येक तासाच्या जागी गणित. मुख्याध्यापिका झाल्यापासून सुहासिनीबाईंना दुसरं काही दिसतच नाही. "मधुवंतीबाई, चित्रं काय, मुलं घरीही काढतात." आणि वर, "तासच नाहीत म्हटल्यावर जूनपासून तुमचंही बघावं लागेल."

बघावं लागेल म्हणे! बावीस वर्षं मुलुंडच्या या शाळेत खडू झिजवले मी. अशी तशी जाणार नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ऑफिसात कोणी नसताना वेळापत्रकाची एक्सेल फाइल उघडली. गणित खोडायला गेले तर — शीट प्रोटेक्टेड. पासवर्ड क्लार्क गुणाजीभाऊंकडे. दिवाळीची अख्खी सुट्टी घालून त्यांनीच ती बनवलीय, बाकी कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांच्याकडे पासवर्ड मागितला. "नाय हां बाई. माका शेवटचे तीन आठवडे सुखान काढूक देवा." या महिनाअखेरीस रिटायर होतायत ना.

मग चिडून नुसतंच वरच्या मेनूतून एक चौकोन घेतला आणि ओढला. उमटला!! अक्षर लिहायला बंदी, चित्र काढायला नाही!

बुधवार, १२ नोव्हेंबर

सहा पिवळे चौकोन काढले. प्रत्येकात ठळक — चित्रकला. खालचं गणित पुसलेलं नाही, झाकलंय फक्त. गुणाजीभाऊंनी चष्म्यावरून बघितलं आणि गुपचूप प्रिंट काढून वर्गावर्गात लावले. "चित्रांक कुलूप घाल म्हणून माका कोणी सांगूक नाय," म्हणाले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सातवी. वस्तुचित्र — तवा आणि तीन कांदे. वर्ग कसा शांत! तेवढ्यात गणिताची कुंदा दारात. "मधू, माझा तास आहे ना गं?" म्हटलं, वेळापत्रक बघ. बघून आली. "झकास! माझे पेपर तपासून होतील." एका वर्गाला आठवड्याला नऊ तास गणित तिलाही नकोच होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पकडले गेले. "हा चावटपणा आहे!" — सुहासिनीबाई. मी म्हटलं, नाही, चौकोन आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे डिलीट केले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज गोल काढले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गोल गेले. त्रिकोण काढले. मेमो आला. मेमोच्या मागे कांदा काढला — बरा जमलाय.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

त्रिकोण गेले. आज चांदण्या. इतक्या मोठ्या की खालच्या गणिताचा 'ग'सुद्धा दिसत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

गुणाजीभाऊंचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भाषणं. त्याआधी सुहासिनीबाईंनी त्यांना शेवटचं काम सांगितलं — माझ्यासमोर, मुद्दाम. "नवा पासवर्ड टाका. त्या फाइलवर एक रेघही ओढता येता कामा नये." भाऊ मान खाली घालून म्हणाले, "व्हय." कॉम्प्युटरपुढे बसले, दोन मिनिटांत उठले. संध्याकाळच्या गाडीने मालवणला गेलेसुद्धा.

मी त्यांना नीट नमस्कारही केला नाही. फार वाईट वाटलं. निदान त्यांनी तरी असं करायला नको होतं! पण सोमवारी खडू घेऊन भिंतीवरच्या कागदावर काढीन. तोही फाडला तर भिंतीवर काढीन.

सोमवार, १ डिसेंबर

फाइलवर रेघ ओढता येत नाही. पुसताही येत नाही! माझ्या सहाही चांदण्या जागच्या जागी — भाऊंनी त्या न काढताच कुलूप घातलंय. सुहासिनीबाईंनी डिलीट बडवून बडवून बघितलं. मग मालवणला फोन लावला, स्पीकरवर.

"पासवर्ड? इसारलंय ओ बाई. वयच तसा."

तिसरा तास, सातवी. निघते.