ताईचा डोंगर पाहिला!

ताई, तुझ्या भांडखोर भावाचा वाकून नमस्कार.

आज अख्खी गाडी एकट्यासाठी ठरवली आणि ज्वालामुखी पाहून आलो! वर्गात तू लाल खडूने रंगवायचीस तो डोंगर कोळशासारखा काळा आहे, आणि पायाखालची जमीन अजून तव्यासारखी तापलेली. पुढच्या धबधब्याने तर माझ्यासारख्या सभा गाजवणाऱ्याचा आवाजही गिळला. ड्रायव्हर हसून म्हणाला, "साहेब, इथं फक्त ऐकायचं!"

मी मजेत आहे, खोकलाही गेला. दाजी लिहितात, मोतीबिंदूचं ऑपरेशन तू पुन्हा पुढे ढकललंस. भूगोल शिकवायचा तू आणि बघायचा मी, हा अन्याय आहे, आणि तो मी चालू देणार नाही! भीती वाटते ती मला कळव. डोळे मात्र डॉक्टरांच्या हवाली कर.

तुझाच,
धाकटा