देवळापुढचं टिन

आणि तुम्ही तोंडच उघडलं नाही, बाबा. एवढ्या लोकांत पाटील म्हणाले, "वाऱ्यानं उडालं म्हनता मिस्त्री, मंग माह्या गोठ्यावरचं गवत काऊन नाही उडालं?" लोक हसले, आणि तुम्ही धोतराच्या सोग्यानं हात पुसत उभे राहिले. देवळापुढच्या छपराचं टिन तुम्ही वरवट बकालच्या बाजारातून पाहून आणलं होतं, एकेक वासा रंधा मारून बसवला होता. वैशाखातल्या दुपारी वावटळ आली आणि तिनं सगळं टिन उचलून पाटलाच्या वावरात टाकलं, त्यांच्या बैलाचा पाय कापला. तुम्ही काही बोलत नाही म्हणून मी पुढं झालो. "खिळे कमी मारले यायनं. मी पाह्यलं." सोळा वर्षांचा होतो. सकाळीच तुम्ही मले लोकांपुढं म्हणलं होतं, "तुह्या हातात जीव नाही बे, तू वाळूच उपस," एक फळी आखूड कापली म्हणून. तो राग होता. त्या दिवसापासून कोणी तुमाले छपराच्या कामाले बोलावलं नाही. मरेपर्यंत लोकांचे वखर आणि तिफणी नीट करत बसले, आणि मले एकदाही विचारलं नाही की काऊन असं बोलला.

मी इकडं बंगालात वाऱ्याच्या, म्हणजे हवामानाच्या हापिसात खलाशी आहे; जहाजावरचा नाही, इथं हरकाम्याले खलाशी म्हणतात. फुगा भरायचा, त्याच्याखाली चमकती जाळी बांधायची आणि सोडून द्यायचा. रडार नावाचं यंत्र त्या जाळीमागं मान फिरवत राह्यते, त्यावरून साहेब वरच्या वाऱ्याचा वेग काढतात. मागच्या महिन्यात एका गावावरून वावटळ गेली. इकडं तिले हत्तीची सोंड म्हणतात. मोजायची फीत धरायले साहेबांनी मले सोबत नेलं. बाबा, एक पट्टा असा की विटेवर वीट नाही, आणि त्याच्या बाजूच्याच झोपडीवर गवताची काडी हललेली नाही. मले पाटील आठवले, तिथंच थुंकलो.

साहेबांच्या कागदावर यंत्राचा आकडा होता, आणि गावातली मोडतोड पाहून जो वेग निघत होता तो त्याच्या कितीतरी वर. साहेब चिडले होते. म्हणाले, यंत्र उंचावरचं पाहते, सोंड खालून गेली ती त्याले दिसलीच नाही. मी म्हणलो, मग मोडलेल्या घरांनाच विचारा. तर म्हणे घरंही खोटं बोलतात, कच्चं घर थोड्या वाऱ्यानंही पडते. म्हणून ते आधी खिळा पाहतात. खिळा उपटून आला असेल तर काम कच्चं. खिळा लाकडात तसाच रुतून असेल आणि त्याच्याभवती टिन फाटलं असेल, तर मिस्त्रीचा दोष नाही, वाराच तसा होता.

हे तुमाले कोण्या साहेबानं शिकवायची गरज नव्हती. मग पाटलाले शिडीवर काऊन चढवलं नाही? "चला, दाखवतो," एवढं म्हणायचं होतं. पण तुमचं असंच, काम बोलते म्हणे. कुठं बोललं? तुम्ही गप राहिले आणि मले जिंकू दिलं, आणि आता इथं मी एकटाच भांडत बसलो आहे.

हे पत्र कोणाले टाकू? आईले वाचता येत नाही, ती मास्तराकडून वाचून घेईल आणि सगळं गाव ऐकेल. तशी हिंमत माह्यात अजून नाही. बाबा, वावटळ गेल्यावर, लोक जमायच्या आधी मी वाशांवर चढलो होतो. एकूण एक खिळा वाशात पक्का होता आणि प्रत्येकाच्या डोक्याखाली फाटलेल्या टिनाचा तुकडा अडकून होता. ते पाहून, खाली उतरून, मग मी बोललो.

आईच्या मनिऑर्डरवर दोन ओळींची जागा असते. तिथं फक्त 'खुशाल आहे' लिहिलं. पस्तीस रुपये.