चौथ्या प्रकरणातला परका हात

३ फेब्रुवारी, सोमवार
आलं एकदाचं! प्रकाशनाच्या मालकांनी गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला — "तुमच्या सरांचं पुस्तक. तुम्हीच तपासा, आमच्या डोक्यावरून जातं." माझे सर! वीस वर्षांपूर्वी माझा प्रबंध परत करताना शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'लेखिकेला स्वतःचं मत नाही.' आता लेखिका लाल पेन घेऊन बसलीय. या म्हणावं.

४ फेब्रुवारी
विषय तोच, जन्मभराचा. ज्यूंच्या धर्मग्रंथातली पहिली पाच पुस्तकं कुणी लिहिली? परंपरा म्हणते, मोशे या प्रेषिताने. पण त्यात मोशेच्या मरणाची हकीकतही आहे. वर 'त्याची कबर आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही' हेही! मेल्यावरसुद्धा मजकूर वेळेवर देणारा लेखक. आमच्या वाट्याला असा एक येईल तर शपथ.

तर सर म्हणतात, लिहिणारे चार. एक देवाला याहवे म्हणतो आणि गोष्टी रंगवून सांगतो. दुसरा एलोहीम म्हणतो, त्याचा देव स्वप्नात येऊन बोलतो. तिसरा प्रवचनकार — नियम पाळा, नाहीतर भोगा. चौथा पुरोहित, त्याला वंशावळी आणि मोजमापांचा भारी सोस. मग कुणीतरी पाचव्यानं चौघांना कापून एकत्र शिवलं. टाके दिसतात. प्रलयाच्या गोष्टीत नोहाच्या तारवात आधी प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी, लगेच पुढे शुद्ध प्राण्यांच्या सात-सात!

हे पटतं. पटत नाही ते सरांचं 'अर्थात'. पहिल्याच पानावर अकरा वेळा. 'अर्थात' म्हटलं की पुरावा द्यायला नको ना!

६ फेब्रुवारी
ताईला जेवताना सगळं सांगितलं. घास हातात धरून ऐकलं तिने. मग म्हणाली, "चार असोत नाहीतर चाळीस. ते भांडताहेत का? नाही ना? मग हे का भांडतात?"

हे म्हणजे सर आणि 'उशीरवाले'. दुसऱ्या विद्यापीठातले एक प्राध्यापक. त्यांचं म्हणणं — चौघे वगैरे काही नव्हते, सुटे तुकडे साठत गेले, आणि बहुतेक सगळं फार उशिरा लिहिलं गेलं, ज्यू लोक परक्या देशातल्या हद्दपारीतून परतल्यावर. म्हणून हे नाव, आम्ही विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. तीस वर्षं चाललंय! एका परिषदेत दोघं एकमेकांकडे पाठ करून चहा पिताना मी डोळ्यांनी पाहिलेत. दोघांचा चहा एकाच किटलीतला होता, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

१० फेब्रुवारी
तिसरं प्रकरण संपलं. ब्याऐंशी 'अर्थात' खोडले. हात दुखतो, पण जीव सुखावला.

११ फेब्रुवारी
चौथं प्रकरण. काहीतरी बिनसलंय.

एकही 'अर्थात' नाही! वाक्यं छोटी. 'मला वाटतं' असं चक्क लिहिलंय — सरांना कधी काही 'वाटत' नसे, त्यांना ठाऊक असे. आणि बाराव्या पानावर एक विनोद. चांगला विनोद! मी मोठ्याने हसले, तर शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीसबाई दचकल्या.

हे सरांचं नाही. नाहीच.

१२ फेब्रुवारी
पाचवं, सहावंही तसंच. सरांनीच शिकवलेली रीत त्यांच्यावर चालवली — शब्द मोजा, लकबी मोजा, टाके शोधा. पहिली तीन प्रकरणं एका हातची, पुढची तीन दुसऱ्या. पैजेवर सांगते. चौघांना उघडं पाडणारा माणूस स्वतः दुसऱ्याकडून लिहून घेतो, आणि वर आपलं एकट्याचं नाव!

सातवं अजून आलेलं नाही. लिहिणाऱ्याला वेळ मिळाला नसेल.

१४ फेब्रुवारी
सरांच्या घरी तीनदा फोन. तिन्ही वेळा बाईंनी, सरांच्या पत्नीनं, उचलला. "ते कामात आहेत."
"दोन मिनिटं फक्त."
"मला विचारा ना. मी टंकते सगळं."
"चौथं प्रकरण कधी लिहिलं सरांनी?"
लगेच, "दूध उतू जातंय," आणि फोन खाली. दुपारी तीन वाजता कुणाचं दूध उतू जातं?

१७ फेब्रुवारी
लिहिलं. उशीरवाल्यांना पत्र — चार पानी, पुराव्यांसकट. त्यांच्याइतका आनंद कुणाला होणार! 'लेखिकेला स्वतःचं मत नाही' काय? घ्या मत.

ताई म्हणाली, "टाकण्याआधी एकदा जाऊन तरी ये. कदाचित खरंच उतू गेलं असेल."

२० फेब्रुवारी, गुरुवार
शंकांची यादी घेऊन न कळवता गेले. पत्र पर्समध्ये, येताना पेटीत टाकायचं.

बाईंनी दार उघडलं. चेहरा उतरला. आत खुर्चीवर सर. उजवा हात मांडीवर, एखाद्या वस्तूसारखा ठेवलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. सप्टेंबरात पक्षाघाताचा झटका आला. समजतं सगळं, बोलता येत नाही, लिहिता येत नाही. बाईंनी कुणाला कळू दिलं नाही. "कळलं असतं तर आधीच शोकसभा घेतली असती," म्हणाल्या.

आणि समोर, चष्मा कपाळावर सरकवून, उशीरवाले! हातात कागद. मला खूण केली, बसा. आणि वाचू लागले — "'उशिरा लिहिणाऱ्याच्या लेखणीतून उशिराच्या काळातले शब्द गळणारच. या भागात ते गळलेले नाहीत. हा मुद्दा माझे प्रतिपक्षी तीस वर्षं टाळत आले आहेत.' चालेल?"

सरांनी डावी मूठ टेबलावर आपटली. दोनदा.

"आणखी कडक? बरं. 'टाळत' नको, 'लपवत'. झालं समाधान?"

सर हसले. अर्ध्या चेहऱ्याने.

दर गुरुवारी येतात. दोन बस बदलून. मी विचारलं, "तुम्हाला पटतं हे?"

"छे! साफ चूक आहे. पण चूक नीट मांडायला नको? हा अर्धवट मांडून हरला तर माझ्या जिंकण्याला काय किंमत?" मग हळूच, "शैली माझी डोकावते का हो? तुम्ही तपासताय ना, तेवढं झाकून घ्या."

पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते मी. चहा झाला. शंका एकही विचारली नाही.

२१ फेब्रुवारी
पत्र फाडलं. एवढे बारीक तुकडे केले की ते परत जोडायला दोन्ही सर लागतील.

६ मार्च, गुरुवार
मीही जाते आता. आज दोघं प्रलयावरून भांडले. एक बोलून, एक मूठ आपटून. बाई म्हणाल्या, "लग्नात इतकं बोलले नव्हते हे माझ्याशी."

११ मार्च
उशीरवाले आज पहाटे गेले. झोपेतच. सातव्या प्रकरणाची सहाच पानं झालीत.

आत्ता बाईंचा फोन आला. मागे आवाज ऐकू येत होता. "सकाळपासून मूठ आपटताहेत. थांबतच नाहीत. तुम्हालाच बोलावताहेत असं वाटतं."

लाल पेन टेबलावरच ठेवलं, कोरे कागद घेतले आणि निघाले.